निशाणी बांगडी

इंदूबाईच्या बोटांवर रेघा नव्हत्या. बोटं सगळी धड होती, पण त्यांच्यावरच्या रेघा आगीनं पुसून टाकल्या होत्या. राशनच्या दुकानात तिनं यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र लाल दिवा दाखवायचं आणि दुकानदार म्हणायचा, "इंदूबाई, तुमी हाये का नाई, ह्या मशीनले समजूनच नाही राहिलं." ती म्हणायची, "मशीनले म्हणा, माया हातची रोटी खाय. मंग समजते."

तिची रोटी म्हणजे लंबी रोटी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या पिठाला पाणी पाजून पाजून इतकं सैल करायचं की ते हातात राहायलाच नको म्हणते. मग त्याचा गोळा उचलून दोन्ही हातांवर खेळवायचा. तो मनगटावरून कोपरापर्यंत लांबत जातो, पातळ होतो, पलीकडचं माणूस दिसेल इतका पातळ. आणि तुटायच्या आत तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. टाकताना हात भाजतो, काढताना पुन्हा भाजतो. आमच्या लोकांत लग्न असो की बारसं, मटणासोबत ही रोटी पाहिजेच. आता तर मोठमोठे हॉटेलवालेही मागवतात. मी तिच्यासोबत पीठ मळायला जात असे. जन्मभर मळलंच, माझ्या हातावर रोटी कधी ठरली नाही. ती म्हणायची, "शालू, तुया हाताले घाई लय."

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाकडच्या आमच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा मोतीराम कापसाच्या बाजारात हमाल होता, तो लवकर गेला. घर तिनं त्याच्यानंतर घेतलं, स्वतःच्या नावावर, रोटीच्या जिवावर. पोटी लेकरू नाही. पण घरात भावना होती.

भावनाची आई हिवरखेडकडची, आमच्याच रोटीवाल्या बायकांच्या टोळीत पाणी भरायची. ती तापानं गेली तेव्हा भावना पिठाच्या परातीत मावेल एवढी होती. इंदूबाईनं तिला उचललं आणि घरी आणलं. कोणी म्हणालं, दत्तक घे, कागद कर. तर ही म्हणे, "लेकरू घरी आन्याले कागद कायले लागते वं? शाळेत नाव टाकलं, झालं." लेकरू शिकलं, बी.कॉम. झालं, एका पतसंस्थेत लागलं, आणि कागद राहूनच गेला.

आता धर्मेंद्रचं सांगते. मोतीरामच्या भावाचा मुलगा, अंजनगाव सुर्जीला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. वाईट माणूस नव्हे तो. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला पेढे घेऊन यायचा, काकूच्या पाया पडायचा. एका वर्षी चहा पिता पिता म्हणाला, "काकू, तुया मांगं हे घर मी पाडतो अन् दोन मजली बांधतो. भावना बी राहीन खाली, लगन होयेपर्यंत."

प्रेमानंच म्हणाला. इंदूबाईनं कपबशी खाली ठेवली.

समोर संघपाल राहतो, एस.टी.त कंडक्टर. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला धरलं. "संघपाल, म्या कागद नाही केला तं घर कोनाचं?" त्यानं कुठंतरी विचारून येऊन सांगितलं, "मावशी, तुले लेकरू नाही अन् नवरा नाही. मंग नवऱ्याच्या मानसाईचं. म्हंजे धर्मेंद्रचं."

"अन् भावनाचं?"

"भावना कागदावर तुयी कोनीच नाही."

तिच्या तोंडावर मी तेव्हा जे पाहिलं, ते मोतीराम गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मग तिनं मृत्युपत्र केलं. म्हणजे तिच्या मते केलं.

आम्हाला जन्मात एकच कागद ठाऊक: निवेदन. नळ पाहिजे, निवेदन. नाली तुंबली, निवेदन. बुद्धविहाराला जागा पाहिजे, निवेदन आणि मागं मोर्चा. निवेदनाचा नियमही एकच: सह्या जितक्या जास्त, तितकं वजन जास्त. तर भावनानं तिच्या सुरेख अक्षरात वर लिहिलं, "विषय : राहते घर भावना हिला मिळणेबाबत." खाली मजकूर, आणि त्याखाली "आपली विश्वासू".

इंदूबाईनं बुद्धापुढं, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, एकटीनं वंदना घेतली आणि कागदावर आपली खूण केली. अंगठा नाही, अंगठ्यानं तिला किती वेळा फसवलं होतं. तिनं पेननं एक गोल, बांगडी काढली. पूर्वी अडाणी बाईची निशाणी बांगडी असायची आणि शेतकऱ्याची नांगर. तिच्या आईनं कधीतरी कोण्या कागदावर अशी बांगडी काढली होती, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. तेवढीच तिची लिहिण्याची विद्या.

खूण करून ती बाळापूरला लग्नाच्या रोट्या करायला निघून गेली आणि भावना कागद घेऊन दारोदार फिरली. सगळ्या गल्लीनं सह्या केल्या. एकानं तर पुण्यातल्या मुलाचीही करून टाकली, तो काही नाही म्हणणार नाही म्हणून. मीही केली. सह्यांना पान पुरलं नाही, मागं दुसरं जोडलं.

तो जुडगा घेऊन आम्ही गोपाळकृष्ण वकिलांकडं गेलो. म्हातारे गृहस्थ, कोर्टाजवळ बसतात. त्यांनी कागद वाचला, उलटून मागचा वाचला, चष्मा काढला आणि पुसला.

"इंदूबाई, हे मृत्युपत्र आहे की मोर्चा?"

"सगळी गल्ली माया मांगं हाये साहेब," इंदूबाई ताठ बसून म्हणाली.

"ते दिसतंय. मला सांगा, तुम्ही ही खूण केली तेव्हा यातलं कोण हजर होतं?"

"कोनी नाही. वंदनेच्या टायमाले एकटीच होती मी."

"बरं. मग नंतर यांच्यापैकी कोणाला तुम्ही स्वतः, तोंडानं सांगितलं का, की ही खूण माझी आहे?"

"मी कायले सांगू? मी बाळापूरले होती."

"आणि यांनी सह्या केल्या त्या तुमच्यासमोर?"

इंदूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

वकिलांनी कागद हळूच, आजारी माणसाला निजवावं तसा टेबलावर ठेवला. "मग यातली एकही सही कामाची नाही."

इंदूबाई म्हणाली, मोठा स्टॅम्पपेपर आणते. ते म्हणाले, स्टॅम्पपेपर लागतच नाही, साधा कागद चालतो. मग सरकारी हापिसात रजिस्टर? केलं तर चांगलंच, नाही केलं तरी मृत्युपत्र खोटं ठरत नाही. मग तिनं विचारलं, "मंग लागते तरी काय साहेब?"

"तुमचं डोकं ठिकाणावर पाहिजे. कोणाचा दाब नको. तुमची सही किंवा खूण पाहिजे. आणि दोन साक्षीदार."

"दोनच?"

"दोनच. पण त्यांनी तुम्हाला खूण करताना डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, नाहीतर ही माझी खूण असं तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे. आणि त्यांनी सही करायची ती तुमच्या डोळ्यांसमोर. गल्लीचं वजन नाही लागत, बाई. दोन माणसांचे डोळे लागतात."

तिनं दोन बोटं वर केली. मग म्हणाली, "म्हंजे त्यायनं मले पाहाचं अन् म्या त्यायले पाहाचं."

"बस. एवढाच कायदा आहे." आणि मग भावनाकडं वळून म्हणाले, "आणि बाळ, तू लिहू नकोस. ज्याला मिळायचं त्यानंच लिहिलं की लोक बोट दाखवतात. साक्षीलाही तू नको, आणि त्या वेळी खोलीतही नको."

मला तेव्हा काही तरी झालं, ते नीट सांगता येत नाही. मला वाटायचं कायदा म्हणजे जाडजूड पुस्तकं, शिक्के, लाल फिती. आणि ह्या माणसानं सांगितलं की मेलेल्या बाईचा शब्द जिता ठेवायला सरकारला दोन माणसांचं पाहणं लागतं.

वकिलांनी नवीन मजकूर टाइप करवून ठेवला. साक्षीदार ठरले संघपाल आणि मी. संघपाल तरुण म्हणून. वकील म्हणाले, साक्षीदार मागं उरला पाहिजे. मी कशाला, तर इंदूबाई अडून बसली. "शालूच पाह्यजे. तिनं माया हाताकडं जन्मभर पाह्यलं." पण खूण करायला यायची मात्र तिला सवड नव्हती. लग्नसराई सुरू होती. "थोडी कमी होऊ द्या, मंग येतो," म्हणाली.

लग्नसराई कमी व्हायच्या आत आम्ही अमरावतीला एका लग्नात रोट्या करत होतो. पीठ मळून मी परात तिच्याकडं सरकवली. तिनं गोळा उचलला, तो हातांवर लांबला, कोपरापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिचा उजवा हात खाली आला. रोटी राखेत पडली. तिच्या हातून रोटी पडलेली मी तोवर पाहिली नव्हती, म्हणून मी आधी रोटीकडंच पाहत राहिले. मग ती पडली.

तिथल्याच दवाखान्यात सांगितलं, लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंजनगाव जवळ, म्हणून धर्मेंद्र सगळ्यांच्या आधी पोचला. औषधं त्यानं आणली, दवाखान्याच्या व्हरांड्यात तो झोपला. भावना आली ती पलंगाचा कठडा धरून उभीच राहिली. मी संघपालला फोन केला, "वकीलसाहेबाले घेऊन ये. अन् तो कागद."

ते दोघं एस.टी.नं आले. वकिलांच्या हातात पिशवी पाहिल्याबरोबर धर्मेंद्रला समजलं.

"शालूआजी," तो मला म्हणाला, "काकूले पानी गिळता नाही येऊन राहिलं, अन् तुमी कागद घेऊन आल्या?"

तो खोटं बोलत नव्हता.

"तिचं डोकं तरी चालू हाये का?" तो म्हणाला.

"तेच विचारायचंय," वकील म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंकडं गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, जीभ गेली आहे, समज गेली की नाही ते तपासून पाहू. त्यांनी भावनाला बाहेर काढलं. भावना म्हणाली, "मी काऊन बाहेर?" वकील म्हणाले, "तुझ्याचसाठी." मग ते धर्मेंद्रला म्हणाले, तुम्हीही. दोघं बाहेर एकाच बाकड्यावर बसली, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला.

आत आम्ही चौघं आणि इंदूबाई. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही शेतात आहात का? तिनं डावा हात हलवला, नाही. दवाखान्यात? हो. ही शालू का? हो. तुमची बहीण? नाही. मग वकिलांनी कागद वाचून दाखवला, एकेक ओळ, थांबून थांबून. वाचून झाल्यावर विचारलं, "इंदूबाई, घर धर्मेंद्रला द्यायचं?"

नाही.

"शालूबाईंना?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलला. डॉक्टरीणबाईंना हसू आलं.

"भावनाला?"

डावा हात वर आला आणि वरच राहिला. खाली घ्या म्हटलं तरी घेईना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "समज पूर्ण आहे. मी लिहून देते."

आता खूण. उजवा हात गेलेला. संघपालनं डाव्या अंगठ्याला शाई लावून एका कोऱ्या कागदावर दाबून पाहिलं. काळा डाग उठला, रेघ एक नाही. पुन्हा दाबला, पुन्हा डाग. वकील म्हणाले, कायद्याला हाही चालेल, पण उद्या कोणी म्हणालं हा कोणाचाही डाग आहे, तर बोलायची पंचाईत. इंदूबाईनं हात सोडवून घेतला आणि वकिलांच्या खिशाकडं बोट केलं. पेन मागत होती.

डाव्या हातानं तिनं जन्मात पेन धरलं नव्हतं. उजव्या हातानंही धरलं ते एकदाच, त्या पहिल्या कागदावर. वकिलांनी फळी धरली, त्यावर मृत्युपत्राचा कागद. ती पेन वर घेऊन थांबली. मला वाटलं दमली. मग पेन टेकलं आणि वळायला लागलं. हळू. कागदावर पेन फिरत होतं की तिचं सगळं अंग त्या एवढ्याशा वाटेनं जात होतं, मला समजेना. अर्ध्यावर हात थरथरला, रेघ आत घुसली. तिनं ती ओढून बाहेर काढली, जशी तुटायला आलेली रोटी ती कोपराजवळ सावरून घ्यायची. संघपाल पाहत होता, मी पाहत होते. रेघेचं शेपूट रेघेच्या तोंडाला येऊन मिळालं, आणि तिनं पेन सोडून दिलं.

मी देवळात वाढले नाही, देव मी मानत नाही, पण विहारात मोठ्या पौर्णिमेला सगळे गप्प बसतात तेव्हा जसं वाटतं, तसं वाटलं.

पण काम संपलं नव्हतं. आता आमच्या सह्या, तिच्या डोळ्यांसमोर. आणि तिचे डोळे मिटायला लागले होते. औषधाची गुंगी होती आणि दमलेलीही होती. वकील म्हणाले, "इंदूबाई, जाग्या राहा. ह्यांच्या सह्या होऊ द्या." संघपालनं तिकीट फाडावं तशी झटकन सही केली. मग पेन माझ्याकडं आलं.

मी सही करते तेव्हा घरातले लोक चहा ठेवून येतात. श काढायचा, त्याचा काना, मग ल, त्याचा उकार खाली न्यायचा, मग बाई. त्या दिवशी तर हात माझा नव्हताच. श झाला आणि मी वर पाहिलं. तिची पापणी खाली येत होती आणि ती पापणी वर ढकलत होती. मला दिसत होतं की ती झोपेशी भांडते आहे, आणि माझ्या अक्षरासाठी भांडते आहे. काना झाला. पापणी खाली, पुन्हा वर. मी घाई केली असती तर सही बिघडली असती. नाही केली तर ती झोपली असती. जिनं मला जन्मभर हाताची घाई कमी कर म्हटलं, तिच्यासमोर मी हळू हळू शालूबाई लिहिलं, आणि ती शेवटच्या ईवरची रेघ पूर्ण होईपर्यंत माझ्या हाताकडं पाहत होती. ती रेघ झाली. तिनं डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात ती गेली.

धर्मेंद्रनं दावा लावला. मी त्याला दोष देत नाही. त्याला वाटलं, वाचा गेलेल्या म्हातारीकडून कागद करवून घेतला. त्याच्या जागी मलाही वाटलं असतं. अकोल्याच्या कोर्टात तारखा पडत गेल्या. संघपालची साक्ष झाली, डॉक्टरीणबाई अमरावतीहून येऊन सांगून गेल्या, आणि मग माझी पाळी आली. भावना मागच्या बाकावर बसलेली. घर गेलं असतं तर ती कुठं जाणार होती, ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

धर्मेंद्रचे वकील उंच, आवाज खणखणीत. म्हणाले, "आजी, शिक्षण किती?"

"दुसरी. ते बी पुरी नाही."

"कागदात काय लिहिलंय, तुम्ही वाचलं होतं?"

"नाही जी. वाचून दाखोलं होतं ते आयकलं."

मग त्यांनी कागद माझ्यासमोर धरला आणि खुणेवर बोट ठेवलं. "ही काय आहे?"

"बांगडी."

"आजी, नीट पाहा. हे शून्य आहे. शाळेतलं लेकरूही काढेल. हे शून्य नाही, बांगडी आहे, हे तुम्ही कशावरून सांगता?"

कोर्टात कोणीतरी हसलं. मी पाहिलं त्या खुणेकडं. वाकडीतिकडी, एका बाजूनं आत दबलेली. खरंच सांगायचं तर शून्यच दिसत होतं.

"ते मले नाही सांगता येत साहेब," मी म्हणाले. "तुमी म्हनता तं शून्य असंन. पन ते तिनं काढलं, अन् ते काढतानी मी पाह्यलं."

न्यायाधीशबाई तोवर लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर केली. "तुम्ही सही केली, तेव्हा त्या तुमच्याकडं पाहत होत्या?"

"हो जी. माया सहीपायी तिनं डोळे नाही मिटले."

न्यायाधीशबाईंनी ते टायपिस्टला सांगितलं, कोर्टाच्या भाषेत, "साक्षीदाराने मयत इंदूबाई यांना निशाणी करताना प्रत्यक्ष पाहिले, व साक्षीदाराने मयतासमक्ष स्वाक्षरी केली." माझं साधं पाहणं, ते किती मोठं होऊन त्या यंत्रातून टकटक करत बाहेर पडलं. मी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी राहिले. मला वाटलं, इंदूबाई इथं असती तर तिनं विचारलं असतं, हे सगळं आपल्याबद्दलच बोलून राहिले का वं?

निकाल लागला, घर भावनाचं.

त्या दिवशी दुपारी धर्मेंद्र गल्लीत आला. भावना दारात उभी होती, आत ये म्हणावं की नाही, तिला ठरवता येईना. तो माझ्याच ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ चप्पल पायात फिरवत राहिला.

"शालूआजी, एक सांगा. काकूनं मले काऊन नाही देल्लं? कागदात कुठीच नाही लिहिलं."

"म्या बी इचारलं होतं वकीलसाहेबाले. ते म्हने, देनाऱ्यानं कारन लिहावंच, असं कायद्यात नाही."

"तुमाले तं माहीत असंन."

मला माहीत होतं. दोन मजली घराचा तो चहा मला आठवत होता. पण ते इंदूबाईनं मला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं, आणि मी साक्षीदार होते, जे पाहिलं तेवढंच सांगायची सवय मला आता लागली होती.

"नाही बापा," मी म्हणाले. "ते तिनं आपल्यासंगं नेलं."

तो मान खाली घालून बसला. मग भावना दारातून म्हणाली, "दादा, भाकरी झाली हाये. येतं का?"

तो उठला, आणि त्या दाराशी जाऊन, परक्या घरी काढतात तशी, चप्पल बाहेर काढून आत गेला.